लिंबाजीमामा भेटायला येतात

मयताच्या घरी जाऊन "घोरायचे का हो?" असं विचारणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या पालम गावचे लिंबाजीमामा टेलर.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, लग्नं पुन्हा धडाक्यात लागायला लागली होती. पण कुठं कोणी गेल्याचं कानावर आलं, की मामा मशीनवरचा सदरा तसाच टाकून एसटी गाठायचे. ओळख असो नसो. एकदा ते राणीसावरगावला गेले आणि इकडं एक नवरदेव एका बाहीचा कोट घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.

मयताच्या घरी 'देवाची मर्जी' वगैरे ते म्हणायचे नाहीत. नुसते प्रश्न. गेलेला माणूस चहा बशीत प्यायचा की कपानं? रागावला की जेवायचा का? एका घरातल्या थोरल्या मुलानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मामा उंबऱ्यावरून म्हणाले, "जायलोय. पर पान खायचे का, तेवढं सांगा."

हे सगळं गोळा करून हा माणूस करतो काय, हे मला कोडंच होतं.

मग माझे वडील गेले, गावातल्या शाळेत मास्तर होते ते. आई तीन दिवस बोलली नाही, रडली नाही. बायका गळ्यात पडायच्या, ती भिंतीकडं बघत बसायची. परगावी गेलेले मामा तिसऱ्या दिवशी आले. मी मनात म्हटलं, आज नको.

"अक्का, मास्तर घोरायचे का हो?"

काकांनी डोळे वटारले. आई हळूच वळली.

"घोरायचे? आवो, शेजारची म्हैस दचकून उठायची!"

ती हसली, मग पदर तोंडाला लावून रडली आणि दिवेलागणीपर्यंत वडिलांबद्दल बोलत राहिली. मामा मान हलवत ऐकत होते.

त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. न राहवून विचारलं, "मामा, हे समदं तुमाला कशाला पाहिजे?"

मामांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"माझी बायकू लग्नानंतर सतरा दिवसांत पटकीनं गेली. भेटायला आलेल्या एकानं विचारलं, कशी होती रे? मला सांगताच येईना. घरभर माणसं, आमी दोघं धड बोललोच न्हाई. म्हणून दुसऱ्यांचं ऐकतो. संगं राहिलं की माणसाचं काय काय कळतंय, ते तरी ठाऊक व्हावं."

फाटकावरून मी परत फिरणार होतो. फिरलो नाही. मामांच्या घरापर्यंत गेलो. आईनं सांगितलेलं सगळं ते रस्ताभर मलाच पुन्हा सांगत होते, आणि मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा "हो का?" म्हणत चालत राहिलो.