कॅमेरा चाळीस, माईक वीस

कानवाले सेटवर गुडघ्यांवर रांगत होते आणि सगळे जण त्यांचं रांगणं संपण्याची वाट बघत होते. हातात शिवणकामाची कापडी टेप, साठ इंची. कॅमेऱ्यापासून पलंगापर्यंतचे चाळीस फूट मोजायला ती आठ वेळा टाकावी लागे आणि आठ वेळा खडूची रेघ मारावी लागे. स्टुडिओत लांब टेप होती. पण ही टेप त्यांच्या बायकोच्या डब्यातली, आणि बायको जाऊन आठ महिने झालेले. त्यामुळे तोंडावर कुणी काही बोलत नसे.

बोलपट नवे होते. कानवाले आवाजाचं काम बघत, आणि त्यांचा एकच नियम होता. कॅमेरा जितक्या फुटांवर, माईक त्याच्या निम्म्यावर. माणूस दूर दिसला तर दूरच ऐकू आला पाहिजे. डोळे माळ्यावर आणि कान पलंगाखाली, असं चालत नाही.

"चाळीस," कानवाले उठून गुडघे झाडत म्हणाले. "म्हणजे माईक वीसवर."

"वीस फुटांवरून मरणाऱ्या बाईचं काय ऐकू येणार?" मालकांनी विचारलं.

"पुटपुटणं."

"लोक तिकीट काढून पुटपुटणं ऐकायला येणार? पुटपुटणं घरी फुकट मिळतं, कानवाले!"

"कॅमेरा दारात आहे, मालक. दारातल्या माणसाला तेवढंच ऐकू येतं. जास्त येत नाही. येऊच शकत नाही."

शेवटचं वाक्य ते जरा मोठ्यानेच बोलले. कोपऱ्यात पडद्याला टाके घालणाऱ्या त्यांच्या मेहुणीने मान वर केली आणि परत खाली घातली.

ती शिवणखात्यात होती, आणि ताई गेली त्या दिवशी तिच्या उशाशी तीच बसली होती. कानवाले दारात उभे राहून डॉक्टरांशी बोलत होते. बायकोचे ओठ हलले. काहीतरी बोलली. मग हलले नाहीत. कॅमेऱ्यातली फिल्म संपत आली की आवाजावरून ओळखणारा हा माणूस, त्याला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. नंतर त्यांनी मोजलं. दारापासून पलंग तेरा फूट. तेरा फुटांवरून ऐकू येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मेहुणीला विचारायचं मात्र धाडस झालं नाही. बायको काही मोलाचं बोलली असेल, तर ते आपण डॉक्टरांच्या फाटक्या पावतीपुस्तकाकडे बघत घालवलं, एवढंच हाती लागणार होतं.

"माईक उशीखाली घाला," मालक म्हणाले. "परवा दोन थिएटरवाले बघायला येणार आहेत. शेवटच्या बाकावर शब्द पोचला नाही, तर तुम्ही दुसरीकडे कान लावायला मोकळे."

माईक उशीखाली गेला आणि तिथून दिवस फिरला.

आधी गादी बोलली. पेंढ्याची होती. नायिकेने मान वळवली की वणवा लागल्यासारखं कडकडे. पेंढा काढून कापूस भरला. मग पलंग करकरला. पायांना तेल घातलं. त्या तेलावरून नायक घसरला, म्हणून त्याचे बूट काढले. आता पाय वाजेनात, पण तो ओणवा झाला की त्याचं पोट वाजे, आणि पोट बरोबर उशीपाशी येई.

"सकाळपासून उपाशी आहे मी," नायक म्हणाला. "दुःख नीट यावं म्हणून."

"याला कुणीतरी खायला घाला रे!" दिग्दर्शक ओरडले.

खाऊन त्याला उचकी लागली.

या सगळ्या वेळात कॅमेरावाला खोक्यात होता. कॅमेऱ्याची खडखड माईकमध्ये येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरावाला दोघांनाही पुढे काच लावलेल्या लाकडी खोक्यात कोंडत. आत वारा नाही. चौथ्या खेपेला आतून काचेवर थापा पडल्या.

"ती मरायच्या आधी मी मरतोय!"

"जरा दम धर," दिग्दर्शक म्हणाले.

"दमच तर धरलाय केव्हाचा!"

सातव्या खेपेला सगळं जमलं. नायिका क्षीण आवाजात म्हणाली, "मी तिथं तुमची वाट बघेन," आणि डोळे मिटले. कानवाले त्यांच्या खोलीत कानांना यंत्र लावून बसले होते. ते वाक्य त्यांच्या अगदी कानात झालं. चाळीस फुटांवरची बाई आणि श्वाससुद्धा गालाला लागेल असा. म्हणजे ऐकू येतं की काय दारातून? त्यांनी यंत्र उपसून टेबलावर ठेवलं. नायक पलंगावर कोसळून रडत होता, दिग्दर्शकांना ते इतकं आवडलं की त्यांनी कॅमेरा थांबवलाच नाही. समोर आवाज दाखवणारा काटा हलत होता. रडणं नोंदलं जातंय, असं कानवाल्यांनी धरलं आणि भिंतीकडे बघत बसले.

तिसऱ्या दिवशी थिएटरवाले आले. मालकांनी आपल्या आईलाही आणलं. तिला रडायला आवडे, आणि ती रडली की सिनेमा चालतो असा अनुभव होता.

पडद्यावर मोठी खोली, लांब पलंग, अंगठ्याएवढी नायिका. तिचा आवाज मात्र सगळ्यांच्या मांडीवर. एका थिएटरवाल्याने दचकून मागे बघितलं. नायिका गेली. नायक कोसळला. मालकांच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

आणि मेलेली बाई स्पष्ट म्हणाली, "कोपर काढा."



"कोपर! केसांवर आलंय माझ्या."

"काढू कसं? रडतोय ना मी!" नायकाचा आवाज.

"रडा की. पण तिकडं सरकून रडा. आणि कांदा खाल्लाय का?"

मालकांच्या आईचा पदर डोळ्यांवरून तोंडावर आला. थिएटरवाले खुर्चीत खाली खाली घसरले. दिवे लागले, तेव्हा मालक कपाळाला हात लावून बसले होते.

"कानवाले," ते हळूच म्हणाले, "तुमचे कान कुठं होते?"

"टेबलावर," कानवाले म्हणाले. खोटं बोलण्याएवढी उभारी त्यांच्यात नव्हती.

मागच्या बाकावर अजून कुणीतरी हसत होतं. मेहुणी होती. हसता हसता तिच्या हसण्याचं रडणं होऊ लागलं आणि ती उठून बाहेर गेली. कानवाले मागोमाग गेले. ती बोळात भिंतीला टेकून नाक पुसत होती.

"भावोजी, रागावू नका. ताईची आठवण आली."

"हसून?"

"हसूनच. तीपण शेवटी असंच काहीतरी..." ती थांबली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत. मलाही सांगवेना. सांगण्यासारखं काही नव्हतंच हो त्यात."

कानवाल्यांचा हात आपोआप खिशातल्या टेपवर गेला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांना सांग, दारात उभं राहू नका. आत या, नाहीतर बाहेर जा. वारा येतो."

हे वाक्य कानवाल्यांनी बावीस वर्षं ऐकलं होतं. दिवसातून दोनदा तरी. दारात उभं राहून कुठलातरी आवाज ऐकत बसायची त्यांना खोडच होती. एवढंच होतं तर. तेरा फुटांवरून ते ऐकू आलं नाही म्हणून ते आठ महिने झोपले नव्हते, आणि ऐकू आलं असतं तर नेहमीप्रमाणे "आलो" म्हणून तिथंच उभे राहिले असते.

"आत या म्हणाली ना आधी?" त्यांनी विचारलं.

"आधी आत या. मग बाहेर जा."

मालकांनी त्यांना काढलं नाही, कारण दुसरा कानवाला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रसंग पुन्हा लावला.

"तुमचंच खरं," मालक पडेल आवाजात म्हणाले. "ठेवा तो माईक वीसवर."

"नको. माईक उशाशीच राहू दे."

मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. "अहो, मग नियमाचं काय?"

"नियम तोच. कॅमेरा पुढं आणा. पलंगाला टेकला तरी चालेल."

खोकं ढकलायला सहा माणसं लागली. आतला कॅमेरावाला प्रत्येक धक्क्याला काय म्हणत होता, ते काचेमुळे ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं. कानवाले सेटच्या दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी खिशातून टेप काढली, आत आले, आणि दार लावून घेतलं.

या खेपेला टेप एकदाच टाकावी लागली. तरी थोडी उरली.