एका कान्याचा फरक

आमच्या शेजारचे गुरवकाका थंडीच्या दिवसांत सायकलचं सीट पांघरुणात घेऊन झोपतात.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. एका सकाळी मी लायटर मागायला त्यांचं दार वाजवलं, तर काका सीट पोटाशी धरून दारात उभे. मी बघतच राहिले. ते जराही वरमले नाहीत. म्हणाले, "ऊब देतंय तेका, वयनी. रातभर भायर ठेवला तर सकाळी बर्फाच्या लादयेर बसल्यासारखा होता. मस्करी नाय ती!"

ओमान म्हटलं की आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांना वाळू, उंट आणि खजूर एवढंच दिसतं. मी स्वेटर मागवला तेव्हा माझ्या जावेने "तिकडे कशाला गं?" म्हणून तीनदा विचारलं होतं. तिला काय सांगणार? आम्ही राहतो जबल अख्दरवर. निझवा शहराच्या वर चढत गेलेला हा डोंगर जानेवारीत पहाटे शून्याच्या खाली जातो. नळ गोठतात, गाड्यांच्या काचा पांढऱ्या होतात. डोंगराच्या कडेला एक मोठं हॉटेल आहे. माझे मिस्टर तिथल्या किचनमध्ये, मी रिझर्व्हेशनला आणि गुरवकाका बॉयलरवर. स्टाफच्या खोल्या खाली गावात. कामाला न्यायला व्हॅन आहे, हीटरवाली. सगळे तिने जातात. काका सोडून.

त्यांचं म्हणणं, व्हॅन निघते तोवर पाहुणे उठलेले असतात आणि पाणी त्याआधी तापायला हवं. "ह्या डोंगराक माझ्याशिवाय आंघोळ नाय," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. हॉटेल सोडून निघालेला एखादा पाहुणा दरीकडे बघत "काय दृश्य आहे!" म्हणाला, की काका मागून विचारतात, "हॉट वॉटर? गुड?" पाहुण्याने मान हलवल्याशिवाय त्याची बॅग गाडीत चढत नाही.

साध्या गाड्यांना हा घाट चढायला परवानगी नाही. खालच्या चौकीवर पोलीस फोर-व्हीलच तेवढ्या सोडतात. काकांनी सायकल भाजीच्या पिकअपमध्ये कोबीवर आडवी घालून वर आणली. त्यांचा थाट तर बघण्यासारखा. आत बनियनवर वर्तमानपत्राची घडी, त्यावर दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, तिच्यावर ओमानी लोकरीचा रुमाल आणि हातांत आमच्या किचनमधले ओव्हनचे जाड मोजे. त्या मोज्यांनी त्यांना ब्रेक नीट धरता येत नाही, पण ते म्हणतात, चढावर ब्रेक हवाय कुणाला?

मागे एक पाहुणे आले होते, बर्फाच्या देशातले. त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, की आमच्याकडे लोक सगळा हिवाळा सायकलनेच कामावर जातात, टायरला खिळे असतात. मी भाषांतर केलं. काकांनी छाती पुढे काढली. "तेंका म्हणा, तुमका सवय आसा. माझा रगात माडाच्या सावलेतला. कुडाळात पंखो लावलो तरी आमका हुडहुडी भरता. मोठो कोण?" पाहुण्यांनी हसून हात जोडले. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या टायरांना बाहेरून स्क्रू मारले. दोन्ही चाकांनी जागच्या जागी प्राण सोडला. चार दिवस पंक्चर काढत बसले होते, आणि कुणी विचारलं तर "टेस्टिंग चालू हा" म्हणत होते.

आता त्यांच्या अरबीबद्दल सांगते. काका इतकी वर्षं इथे आहेत, पण 'यल्ला', 'खलास' आणि 'इन्शाल्ला' यापलीकडे गाडी गेलेली नाही. पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे हात बधिर झाले म्हणून ते रस्त्याकडेच्या घराशी थांबले. दारात एक म्हातारे ओमानी गृहस्थ, बाबा नासर, नमाजाच्या तयारीत उभे होते. काकांना सांगायचं होतं, थंडी वाजतेय. कुणीतरी शिकवलं होतं, 'अना' म्हणजे मी आणि 'बारिद' म्हणजे थंड. पण दातांवर दात आपटताना त्यातला काना गळाला आणि तोंडातून आलं, "अना बरीद! बरीद!"

बरीद म्हणजे टपाल.

टपालवाला आला म्हटल्यावर बाबा नासर लगबगीने आत गेले. एक गरम भाकऱ्यांचं फडकं आणून त्यांनी काकांच्या हँडलला बांधलं आणि वरच्या दिशेला बोट दाखवून म्हणाले, "सालमा." सालमा त्यांची मोठी बहीण, हॉटेलच्या अलीकडच्या वस्तीत राहणारी. दोघांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे हिवाळ्यात भेट नाही. काकांना वाटलं, भाकऱ्या आपल्यालाच. पण बोटाचा अर्थ कळला, तसे गेले आणि देऊन आले. दुसऱ्या दिवशी बाबा नासर फडकं घेऊन रस्त्यातच उभे होते.

तेव्हापासून डोंगरावर त्यांना सगळे 'बरीद'च म्हणतात. भाकऱ्या रोजच्या. शिवाय कुणाची औषधं, कुणाची डाळिंबं, एकदा तर एक जिवंत कोंबडी. मी त्यांना चूक समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, "कानो गेलो तर गेलो, वयनी. नोकरी तर लागली!"

या जानेवारीत मात्र घात झाला. डोंगरावरच्या पाण्याच्या पाटातून ओघळलेलं पाणी वळणावर गोठलं आणि त्यावरून काका सायकलसकट घसरले. घोटा मुरगळला, कपाळाला खोक पडली. भाकऱ्या मात्र छातीशी धरलेल्या. नव्या मॅनेजरसाहेबांनी त्याच दिवशी लेखी हुकूम काढला: सायकल चालवायची नाही. व्हॅनने या, नाहीतर मस्कतच्या हॉटेलात बदली घ्या. बॉयलर काय, रात्रपाळीचा माणूसही पेटवेल.

हे शेवटचं वाक्य काकांना खोकेपेक्षा जास्त लागलं. "सायकल नाय तर गुरव नाय," म्हणाले. "मी चललंय मस्कताक. थयसर मराठी मंडळ आसा, गणपती आसा, ऊन आसा." बदलीच्या कागदावर त्यांनी सही करायची तेवढी बाकी होती. मला मनातून फार वाईट वाटलं. काकी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा ठाण्यात, त्याचा फोन सणासुदीला. या माणसाचं इथे तरी कोण आहे, म्हणून मी त्यांना थांबवलं नाही.

जायच्या आधी एक काम त्यांनी माझ्यावर टाकलं. "सालमा म्हातारीक तुमच्या अरबीत सांगा, टपाल बंद झाला. माफ कर म्हणा."

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गेलो. सालमाबाई उन्हात चटईवर बसल्या होत्या. काकांचं कपाळ बघून त्यांनी आधी त्यांना जवळ बसवलं, खजूर पुढे केले, कावा, म्हणजे इथली वेलची घातलेली कॉफी, ओतला. मग मी निरोप सांगितला. वर माझंही शहाणपण जोडलं, की भाकऱ्यांची सोय होईल, आणि भावाची खुशाली फोनवर रोज कळेलच.

त्या हसल्या. म्हणाल्या, "भाकऱ्या तर माझी सूनही भाजते. आणि फोनवर काय गं, मरणाऱ्यालाही विचारलं तरी तो 'अल्हम्दुलिल्ला, बरा आहे' म्हणतो. याच्या सायकलची घंटा वाजते, फडकं हाताला गरम लागतं, म्हणजे माझा भाऊ आज उठला. आणि हा पण उठला. दोघांसाठी एकदमच दुवा मागते मी. चार दिवस झाले, घंटा नाही. कुणासाठी रडायचं, तेच मला कळेना."

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला. काका कपातल्या काव्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिन्यात खडखड ऐकून मी शाल लपेटून बाहेर आले. काका लंगडत सायकल उतरवत होते. माकडटोपी, रुमाल, ओव्हनचे मोजे, सगळा सरंजाम. "काका, हुकूम!" मी ओरडलेच.

"चालवूची नाय असो हुकूम हा," ते म्हणाले. "ढकलूची नाय असा खय लिवला हा? जरा आदी निघालय, इतकाच."

"आणि मस्कत?"

"ऱ्हवंदे. थंडी नाय थयसर."

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. ते फाटकापर्यंत गेले आणि थांबले. माझ्याकडे न बघता, मोजे उगाचच नीट करत म्हणाले, "वयनी, म्हातारी काल काय म्हणाली, ता परत एकदा सांगा. भावाचा नको. फुडला."

"हा पण उठला, म्हणाली."

काकांनी मान हलवली, सायकल चढाला लावली आणि गाव जागा होईल इतक्या जोरात घंटा वाजवत निघाले.