वांगी रंगाची गाडी आणि तीन स्प्रे

मुलीच्या बाळंतपणासाठी विमानात बसताना चष्मेवाल्यांची बायको महिनाभरात येते म्हणाली होती. मग बाळाला कावीळ झाली. कावीळ उतरते न उतरते तोच मुलीच्या सासूबाईंची कंबर धरली. कंबर सुटली, तर बाळ आजीच्या मांडीशिवाय झोपेना. दर खेपेला ती फोनवर विचारायची, "अहो, राहू का आणखी थोडे दिवस?" आणि दर खेपेला चष्मेवाले छाती काढून सांगायचे, "रहा की! इथं माझं झकास चाललंय."

झकास म्हणजे असं, की सकाळी सवयीनं दोन कप चहा टाकायचा, पहिला गरम प्यायचा आणि दुसरा गार झाल्यावर संपवायचा. रात्री ओट्याशी उभ्यानंच जेवायचं, कारण टेबलाशी बसलं की समोरची रिकामी खुर्ची अंगावर यायची. दिवस स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात निघून जाई. घराचं कुलूप उघडताना मात्र त्यांना उगाच खाकरायची सवय लागली होती.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी त्यांचं लक्ष खाली उभ्या असलेल्या गाडीकडे गेलं. गाडीचा रंग बायकोनं निवडलेला. विक्रेत्यानं त्या रंगाला काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "सरळ वांगी म्हणा ना!" आता त्या वांग्यावर धुळीचं पांघरूण होतं. ती येईल तेव्हा गाडी कशी चकचकीत हवी, असं चष्मेवाल्यांच्या मनानं घेतलं आणि ते गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानदारानं पुढ्यात चकाकीच्या स्प्रेच्या तीन बाटल्या मांडल्या. "हा मेणाचा. चकाकी अशी की त्यात बघून भांग पाडाल, पण दोनेक महिन्यांत उतरणार. हा सिरॅमिकचा. झळाळी जरा कमी, पण वर्षभर हलायचा नाही. पॉलिमरचा दोघांच्या मधला. तुम्हाला किती दिवस टिकायला हवाय, ते सांगा."

चष्मेवाल्यांनी तिन्ही बाटल्या उलटसुलट करून बघितल्या. मेणाचा घ्यावा, तर ती लवकर यायला हवी. सिरॅमिकचा घ्यावा, तर आपणच तिला वर्षभराची रजा दिल्यासारखं होतं. शिवाय 'हा थर चढवलात की बघायला नको' हे वाक्य काचा विकताना त्यांनी स्वतःच जन्मभर म्हटलं होतं, त्यामुळे बाटलीवरच्या एका शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता.

"तिन्ही द्या," ते म्हणाले. "लावून बघतो."

बॉनेटचे तीन भाग करायचे, प्रत्येकावर एकेक स्प्रे मारायचा आणि कोण किती टिकतो ते बघायचं, असं ठरलं. हद्द आखायला ते साधी चिकटपट्टी घेऊन खाली आले, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई, ज्यांना अख्खी इमारत सिस्टर म्हणायची, गॅलरीतून कडाडल्या, "ती लावू नका! रंग उपटून येईल. थांबा, माझ्याकडची बँडेजची चिकटपट्टी देते. माणसाच्या कातडीला धक्का लावत नाही, पत्र्याला काय लावणार?"

बिनतोड युक्तिवाद होता. पट्ट्या लागल्या, स्प्रे मारले गेले. रोज दुकानाला जाण्याआधी चष्मेवाले बॉनेटवर मगभर पाणी ओतायचे आणि वाकून थेंब न्याहाळायचे. पहिल्यांदा तिन्हीकडे थेंब मोत्यांसारखे घरंगळले. पुढं पॉलिमरवर धूळ बसायला लागली. सिरॅमिक ढिम्म होता. आणि एके दिवशी मेणाच्या भागावरचं पाणी थेंब न होता नुसतंच पसरलं. मेण संपलं आणि ती अजून आली नव्हती.

सिरॅमिक जिंकला होता, पण आनंद कुणाला झाला? त्यांनी पट्ट्या ओढल्या. कापड निघालं, आणि उन्हात शिजलेला डिंक बॉनेटला धरून बसला.

"माझ्या पेशंटांना उन्हात वाळत घालत नव्हते मी!" सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ म्हणजे प्रत्येक रोगावर औषध. "भावजी, डिंक ना? थिनरनं पुसा. लोण्यासारखा निघतो."

"रंगाला काही होणार नाही ना?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास नव्हता, पण तसं म्हणायची सोय नव्हती. मेहुण्यानं थिनरमध्ये फडकं बुडवून जोर लावला. डिंक लोण्यासारखा निघाला, त्याच्यामागून रंगही लोण्यासारखाच निघाला. चष्मेवाले बनियनवरच धावले आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागले, तसे ओरखडे आणखी लांब गेले. मेहुण्यानं दरम्यान व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकलाही होता.

"अरे, त्यात तुझी ताई आहे! काढ आधी!"

"काढला, काढला," मेहुणा म्हणाला. मग स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाला, "भावजी, फक्त माझ्याच फोनमधून गेला वाटतं."

फोन वाजलाच.

"अहो, वांग्याची साल कुणी काढली?"

"अगं, ते जरा... उन्हामुळं..."

"ते राहू दे. तुमच्या गळ्याची हाडं का दिसतायत?"

चष्मेवाल्यांनी नकळत बनियन वर ओढला. "झकास आहे मी. तू रहा निवांत."

"मी येतेय."

"आणि बाळ?"

"बाळाला आई आहे, बाप आहे, दुसरी आजी आहे. तुमच्याजवळ कोण आहे? माझा भाऊ!"

विमानतळावर चष्मेवाल्यांनी गाडी मुद्दाम लांबच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीला लावून उभी केली. दारातून ती बाहेर आली. केस जरा जास्त पिकलेले, चालणं तेच. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण ऐनवेळी त्यांनी नुसतीच बॅग हातात घेतली. ती मात्र गाडीशी पोचल्यावर भिंतीच्या सांदीतून वाट काढत आधी बॉनेटपाशी गेली. बराच वेळ तिनं ते सोललेले पट्टे निरखले.

"एवढा कसला उद्योग हो?"

"तू येशील तेव्हा गाडी चांगली दिसावी म्हटलं."

"मी दर वेळी विचारत होते, राहू का म्हणून. एकदा तरी 'ये' म्हणायचंत."

"म्हणणारच होतो."

"कधी?"

"गाडी झाली की."

ती हसायला लागली. हसता हसता बॉनेटला टेकली आणि हाताच्या पाठीनं तिनं डोळे पुसले. "चला आता," ती म्हणाली.

वाटेत ती बाळाचं सांगत होती. बाळ जांभई कशी देतं हे सांगता सांगता तिलाच जांभई आली आणि वाक्य अर्धं सोडून, मान कलती करून ती झोपी गेली. घराकडचं वळण आलं. चष्मेवाल्यांनी ते सोडून दिलं आणि गाडी लांबच्या रस्त्याला घातली.

सिग्नलला एक स्कूटरवाला शेजारी थांबला. बॉनेटकडे डोळे फाडून बघत त्यानं काचेवर टकटक केलं.

"काका, काय झालं हो गाडीला?"

चष्मेवाल्यांनी काच बोटभर खाली केली.

"हळू बोला," ते म्हणाले. "झोपलीय."