उंबरठे कापणारा लहानू

आमच्या गावचा लहानू सुतार कोणाच्या घरी गेला की आधी रामराम करत नसे, उंबरठा मोजत असे. दारात उकिडवा बसायचा, वीत लावायचा आणि विचारायचा, "एक वीत तीन बोटं. घरातली बुढी किती वर्सांची?" म्हातारी साठीच्या पुढची निघाली की पिशवीतून करवत बाहेर.

सिहोऱ्याजवळचं आमचं गाव. तेव्हा विजेचे खांब नुकते उभे राहिले होते. घरोघरी सागाचे उंच उंबरठे, कारण पावसाळ्यात पाणी आणि बारा महिने कोंबड्या. दिवाळीला त्यावर हळदकुंकू. तो कापला तर लक्ष्मी घरात कशाला थांबेल, म्हणून बाया ओरडायच्या. लहानू म्हणायचा, "लक्ष्मीले पाय उचलता येते. तुमच्या बुढीले नाही येत."

हे खूळ त्याला बायकोपायी लागलं. शेवंता गावातली सगळ्यात उंच बाई. धानाच्या रोवणीच्या वेळी शेतातल्या बांधीत ताठ उभी राहिली की लांबून ओळखू यायची. पन्नाशी ओलांडली आणि एकदा अंगणात नुसता पाय घसरून हात टेकला, तर मनगट मोडलं. वर्षभरानं पाण्याची गुंडी उचलताना पाठीत कट्टकन वाजलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हाडांचा फोटो काढला आणि सांगितलं, हाडं विरळ झाली आहेत. पाळी गेल्यावर पुष्कळ बायांची होतात, बाहेरून कळत नाही. दूध द्या, उन्हात चालवा आणि मुख्य म्हणजे पडू देऊ नका. खुब्याचं हाड मोडलं तर ही पुन्हा उभी राहील याचा भरवसा नाही.

लहानूला ते लाकडाच्या भाषेत कळलं. "वरून साग, अंदरून भुसा," हे त्याचं पालुपद झालं. घुण लागलेलं लाकूड ठोकून ओळखता येतं, बाई ठोकून पाहता येत नाही, याचा त्याला फार राग. बाजारात एखादी वाकलेली म्हातारी दिसली की जवळ जाऊन सांगायचा, "माय, तुम्ही पोकळ झाल्या." मग यथेच्छ शिव्या खायचा.

गाव त्याला वेडा म्हणायचं. गावाचं शहाणपण असं, की बाईची पाठ वाकली म्हणजे रोवणीनं वाकली. मी एकदा विचारलं, मग पाटलीणबाईची काहून वाकली? तिनं जन्मात चिखलात पाय घातला नव्हता. तरी गाव रोवणीलाच धरून राहिलं. दुधाचंही तसंच. लहानूचं ऐकून मी माझ्या सासूसाठी, आत्याबाईंसाठी, रोज गिलासभर दूध झाकून ठेवू लागले. आठ दिवसांनी कळलं, ते माझा नवरा पितो. भांडले तर म्हणाला, "हाडं मलेही हायेत ना." होती. बैलासारखी होती.

आमचा उंबरठा कापायला लहानू दोनदा आला. दोन्ही वेळा आत्याबाई उंबरठ्यावर मांडी घालून बसल्या.

"आधी मले काप."

"तुम्हाले कापाची गरज नाही माय. तुम्ही आपोआप मोडता."

तिसऱ्यांदा आला तेव्हा आत्याबाई लेकीकडे लाखनीला गेल्या होत्या. मी कापू दिला. त्या परतल्या, चाळीस वर्षांच्या सवयीनं दारात पाय उंच उचलला, तो टेकायला काही सापडेना आणि बाई हवेतच डोलल्या. मी धरलं म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी घरात तीन कोंबड्या आणि शेजाऱ्याचं वासरू शिरलं. पसरून ठेवलेलं धान वासरानं खाल्लं. लक्ष्मी गेली का, ते माहीत नाही. धान गेलं.

मी तरातरा लहानूच्या घरी भांडायला निघाले.

शेवंता बाजाराला गेली होती. लहानू भिंतीवरची फळी उतरवून दोन बोटं खाली ठोकत होता. खुंटीही खाली आणली होती. जुन्या भोकांत भुसा कोंबून वर पांढरी माती फासलेली, अजून ओली. जवळून पाहिलं तर भिंतीवर अशा बुजवलेल्या भोकांची उभी रांग होती, एकाखाली एक.

"हे काय करून राहिले, लहानूभाऊ?"

तो दचकला. "हळू बोला, वहिनी. शेवंता बुटकी होऊन राहिली. मणके दबले म्हणते डॉक्टर. दोन वर्सांत चार बोटं गेली."

"मग सांगून टाका तिले."

"सांगतलं होतं. दुसऱ्याच दिवशी फळीवरचा डबा हाताले आला नाही, त मले आवाज द्याचा सोडून पाटावर चढली. म्हणे, मी उंच बाई, मले कायले कोणाचा हात पायजे? पाट हालला. मी मांगंच होतो म्हणून बरं." त्यानं हातोडा खाली ठेवला. "हात पोचते तोवर ते पाटावर चढत नाही. म्हणून घरच खाली आणून राहिलो. ते बाजारात गेली का थोडं थोडं."

माझं भांडण तोंडातच राहिलं. तेवढ्यात शेवंता आली. पाठीला बाक, एक हात कमरेवर. पिशवी खुंटीला अडकवली. फळीवरचा चहाचा डबा काढला. हात बरोबर पोचला.

"पाह्यलं बाई?" ती मला म्हणाली. "माझ्या वयाच्या बाया आता चुलीपासून उठत नाहीत. मी अजून फळीवरचं काढतो."

लहानू खाली मान घालून खिळे वेचत होता. खरं ते तोंडावर बोलायची माझी सवय. त्या सवयीपायी निम्मे नातेवाईक माझ्या दारात येत नाहीत.

"पाहून राहिली ना," मी म्हटलं, आणि दोन पावलं सरकून भिंतीवरच्या ओल्या मातीला पाठ लावून उभी राहिले.