नूपुरच्या गायनास एकमताने मंजुरी

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना गाता येते, हा ठराव लालबागच्या श्रमसाफल्य विद्यालयाच्या शाळा समितीने जूनच्या पहिल्याच सभेत एकमताने मंजूर केला. शाळेत दृष्टिबाधित विद्यार्थिनी एकच होती, नववीतली नूपुर परब. तिला गाता येत नव्हते. परंतु हा मुद्दा विषयपत्रिकेवर नसल्यामुळे चर्चेला आला नाही.

ठरावाची अंमलबजावणी ताबडतोब झाली. भूमितीच्या तासाला वर्गात बसून नूपुरने त्रास करून घेऊ नये, त्याऐवजी संगीत कक्षात जावे, अशी सवलत तिला देण्यात आली. वास्तविक भूमितीचा त्रास नूपुरला नव्हता. दर गुरुवारी येणाऱ्या विशेष शिक्षिका प्रिसिला मॅडम रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा कागद ठेवून आकृती काढत. रेघ कागदावर उठून येई, नूपुर ती बोटांनी वाची आणि बाकीचा वर्ग पट्टी शोधत असताना उत्तर सांगून मोकळी होई. त्रास व्हायचा तो बाकीच्या वर्गाला.

नूपुरची आई दर्शना परब हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या मुख्याध्यापिका मृणालिनीबाईंना भेटल्या.

“बाई, आम्हाला ही सवलत नको. तिला भूमिती आवडते.”

“अहो परबताई, सवलत आहे ती. नको कशी म्हणता येईल?”

“सवलत सक्तीची असते?”

“कुणी वंचित राहू नये म्हणून सक्तीची केलीय.”

“पण तिला गाता येत नाही.”

“आईनं असं बोलू नये हो. देवानं काहीतरी दिलंच असणार.”

“दिलंय ना. भूमिती.”

मृणालिनीबाई समजुतीने हसल्या. “आणि नाव काय ठेवलंत? नूपुर!”

“नाव ठेवलं तेव्हा ती गायली नव्हती,” दर्शनाबाई म्हणाल्या आणि मग त्यांचा तोल मालवणीत गेला. “अवो बाई, हिना गळो काढलो काय शेजारची मांजरा माळ्यार चढतत!”

मृणालिनीबाईंनी हे ‘पालकांचा आत्मविश्वास कमी’ असे नोंदवून घेतले.

संगीत शिक्षक गंगाधर सर सच्चे कलावंत होते. त्यांनी नूपुरचा पहिला ‘सा’ ऐकला, पेटीचा भाता बंद केला आणि अभिप्राय लिहिला : ‘विद्यार्थिनी भूमितीत हुशार असावी.’ हा अभिप्राय असंवेदनशील ठरला. सरांना संवेदनशीलता प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना समोसा शोधायला लावला. समोसा सापडला नाही, प्रमाणपत्र मिळाले.

परत आल्यावर ते नूपुरला म्हणाले, “बाळा, तू गा. मी काही बोलणार नाही. माझी दोन वर्षं राहिलीत.”

“सर, मी संगीतात नापास झाले तर सवलत जाईल ना?”

“तत्त्वतः जायला हवी.”

“मग मी मनापासून नापास होते.”

सहामाहीला तिने खरोखरच कसूर ठेवली नाही. सरांनी कसेबसे पाच गुण दिले. शाळेने त्यावर पंच्याऐंशी सहानुभूतीचे चढवले आणि वर्गात पहिली आल्यामुळे तिला परळच्या आंतरशालेय स्पर्धेला पाठवले. तिथे नूपुरने एका पट्टीत सुरुवात केली, दुसरीत अंतरा घेतला आणि तिसरीत गाणे सोडून दिले. तबलजी समेवर तिची वाट बघत बसला. परीक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिला. दुसरा दिला असता तर भेदभाव दिसला असता. खरोखर सुरेल गायलेल्या मुलीला उत्तेजनार्थ मिळाले. पुढच्या फेरीला त्या मुलीच्या शाळेने तिला काळा चष्मा लावून पाठवले.

अंतिम फेरी दादरच्या सभागृहात होती. नूपुरने ठरवले होते की आता गायचे नाही. माइक हातात आला की सगळ्यांसमोर सरळ भूमितीचा तास मागून टाकायचा. तिची पांढरी काठी विंगेतून दिसली आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या थांबायची ती वाट बघत उभी राहिली. तिला गहिवरून आले असे समजून टाळ्या वाढल्या. शेवटी त्या टाळ्यांतच ती बोलली.

“मला गायचं नाहीये. मला भूमितीच्या तासाला बसू द्या. माझे त्रिकोण बुडाले, चौकोन बुडतोय, निदान वर्तुळ तरी द्या. पाटी माझी आहे, शिकवायला मॅडम आहेत. मला फक्त बाक हवाय.”

गंगाधर सरांनी प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मागे पेटीवर सूर धरून ठेवला होता. सभागृह उभे राहिले. प्रमुख पाहुण्यांनी नूपुरला तंबोरा जाहीर केला.

“काय गायलीस गं!” मृणालिनीबाई डोळे टिपत म्हणाल्या.

“बाई, मी गायले नाही. बोलले.”

“हो का? पण चाल फार छान होती.”

“मग भूमितीला बसू?”

“आता? अगं, एवढा सत्कार झाल्यावर तुला भूमितीला बसवलं, तर शाळेनं गाणं बंद पाडलं म्हणतील लोक. दहावीलाही संगीतच घेऊ या.”

दर्शनाबाई मात्र स्पीकरला चिकटून उभ्या होत्या. त्यांच्या मोबाइलमध्ये लेकीचा शब्द न् शब्द स्वच्छ आला होता. शाळेत ऐकणारे कुणी उरले नाही, निदान मुंबईत कुणी असेल, म्हणून त्यांनी तो व्हिडिओ चाळीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिले, ‘माझी मुलगी काय म्हणते ते कृपया ऐका.’

व्हिडिओ चाळीतून लालबागभर गेला, तिथून शिवडी, माझगाव, गिरगाव करत तुमच्याकडेही आला. तुम्ही मीटिंगमध्ये होतात, म्हणून आवाज बंद ठेवून पाहिलात. काठी, माइक, हलणारे ओठ, उभे राहिलेले सभागृह. तुम्हाला भरून आले. तुम्ही तो तिथल्या तिथे चार ग्रुपवर पुढे पाठवलात आणि खाली लिहिलेत, ‘काय दैवी आवाज आहे!’