बिनआढ्याचं घर

सकाळी दात घासत मिलेना अंगणात आली तेव्हा आढं जागेवर नव्हतं. वासे होते, रिपा होत्या, कौलांच्या थप्प्या होत्या, वर घातलेली ताडपत्रीसुद्धा कुणीतरी नीट घडी करून ठेवली होती. फक्त छपराच्या अगदी माथ्यावर बसायचं ते घराएवढं लांब लाकूड तेवढं नाहीसं झालं होतं आणि त्याच्या जागी दबलेल्या गवताचा पिवळा पट्टा उरला होता.

लिपोवेत्स गावात दुसऱ्या कुणाचं आढं असं गेलं असतं, तर त्याने आनंदाने शेजाऱ्यांना मिठ्या मारल्या असत्या. इथे रीतच तशी आहे. भिंती उभ्या राहिल्या, लाकूड येऊन पडलं, की गावकरी गुपचूप आढं पळवतात. मालक दुसऱ्या दिवशी लटकं चिडतो, घासाघीस करतो आणि शेवटी डुक्कर भाजून, वाइनचं पिंप फोडून ते सोडवून घेतो. मग गाव ते आढं फुलांनी सजवून, वाजतगाजत, जमिनीला न टेकवता आणतं, थेट वर चढवतं आणि त्याच झोकात अख्खं छप्पर घालून देतं. ज्याचं आढं कुणी चोरत नाही, त्याने समजावं की गावात आपल्याला कुत्रंही विचारत नाही.

मिलेनाला नेमकं हेच नको होतं. सासरच्या घरात तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. खिडकी उघडायला गेली की सासू म्हणायची, हळू, ती फ्रान्समामाने बसवलीय. खिळा ठोकायला गेली की ती भिंत दिराने बांधलेली निघायची. गावातल्या प्रत्येक भिंतीला असा कुणाचा ना कुणाचा हात लागलेला असे, आणि तो हात पुढे वर्षानुवर्षं जेवायला येई आणि जाताना भिंतीवर थाप मारून जाई. घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मिलेनाने ठरवलं, की आता एकच घर बांधायचं, लहान असलं तरी चालेल, पण त्यातल्या एकाही विटेवर कुणी थाप मारता कामा नये.

सकाळी दुधाचा टँकर चालवायचा आणि दुपारपासून थापी हातात धरायची, अशी तिने दोन उन्हाळे काढले. स्वयंपाकघराच्या भिंतीला मधोमध जरा पोट आलं. अग्निशमन पथकाचा प्रमुख आणि गावातल्या सगळ्या भानगडींचाही प्रमुख असलेला रुडी, न बोलावता ओळंबा घेऊन आला, दोरी सोडून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मिलेना, ही भिंत गरोदर आहे."

"असू दे. बाळंतपणाला तुला बोलावणार नाही," मिलेना म्हणाली आणि पुढची वीट ठेवली.

तर आता आढं गेलं. नऊच्या सुमारास रुडी बाजारात निघाल्यासारखा फाटकाशी येऊन उभा राहिला. रीतीप्रमाणे त्याने हवापाण्याची चौकशी केली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, काही हरवलंबिरवलं तर नाही ना. मिलेना म्हणाली, नाही.

रुडीला वाटलं, नाटक छान करतेय. तो म्हणाला, "एक डुक्कर, एक पिंप. लांब लाकूड आहे, सांभाळायला माणसं लागतात."

"मग सांभाळा की."

"बरं, डुक्कर लहान चालेल."

"रुडी, ते आढं तुम्ही ठेवून घ्या. कापा, जाळा, त्यावर कपडे वाळत घाला. मला नको."

रुडीच्या तोंडाचा आ मिटेना. आढं चोरणाऱ्याला शिव्या खायची सवय असते. आढं ठेवून घ्या म्हणणारं माणूस त्याने बापजन्मी पाहिलं नव्हतं. तो तसाच बाजाराला गेला आणि काही न घेता परत आला.

मिलेनाने टँकर पोचवून थेट लाकडाची वखार गाठली. वखारवाला खाली मान घालून म्हणाला की एवढं लांब लाकूड आता वसंतातच मिळेल. त्याच्या पाठीमागे तसल्याच लांबीची चार लाकडं रचून ठेवली होती. तिने तिकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, ती विकलेली आहेत. कुणाला, ते त्याला आठवेना. रुडीचा हात तिथवर पोचला होता.

वर ढग जमायला लागले होते. पावसाळा लागायच्या आत छप्पर झालं नाही, तर भिंती भिजून वाया जाणार आणि सासरचं जग म्हणणार, बघा, सांगितलं नव्हतं का? त्या दुपारी शेजारच्या तेरेझिया मावशीच्या जुन्या गोठ्यात गवतावर पडून मिलेना पहिल्यांदाच मनापासून रडली. रडून झाल्यावर डोळे पुसताना तिची नजर वर गेली. गोठ्याला आढंच नव्हतं. वाशांच्या जोड्या माथ्यावर एकमेकांना टेकल्या होत्या आणि मध्ये आडव्या फळीने बांधून ठेवल्या होत्या. एक एक जोडी म्हणजे एक कैची. मावशीच्या आजेसासऱ्याने केलेलं ते छप्पर दोन महायुद्धं झेलून उभं होतं. मिलेना उठली आणि केसांतलं गवतही न काढता टेप घेऊन वर चढली.

कैच्या खाली जोडणं सोपं होतं. वर चढवणं म्हणजे ताप होता. तिने भिंतीवर खांब उभा करून कप्पी बांधली, दोराचं दुसरं टोक आपल्या जुन्या मोटारीला अडकवलं आणि मोटार हळूच पुढे घेतली. कैची वर गेली. मग हँडब्रेक ओढायचा, पळत येऊन शिडी चढायची, कैची जागेवर ठोकायची, उतरायचं आणि पुन्हा मोटार. तिसऱ्या कैचीला हँडब्रेक सुटला. मोटार उतारावरून मागे आली, कैची सरसरत खाली आली आणि वर चढलेली मिलेना खांबाला मिठी मारून शिव्या देत लोंबकळत राहिली. कुंपणापलीकडून चार-पाच जण बघत होते. एकाने हात द्यायला पाय उचलला, तर वरून मिलेना ओरडली, "कुंपणाच्या आत पाऊल टाकशील तर हातोडी फेकून मारीन." त्याने पाय मागे घेतला. बाई बोलल्याप्रमाणे करते, हे गावाला माहीत होतं.

इकडे चोरांचे हाल सुरू झाले होते. आढं त्यांनी अग्निशमन पथकाच्या बंबाच्या शेडमध्ये लपवलं होतं. दोन दिवसांचा मामला म्हणून ठीक होतं; पण आठवडा लोटला, आणि एका संध्याकाळी कुणाच्या तरी धुराड्याने पेट घेतला तेव्हा आढं आडवं आलं आणि बंब बाहेर निघेना. धुराडं घरच्यांनीच बादल्या ओतून विझवलं आणि पथकाला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग आढं रुडीच्या वाइनच्या तळघरात गेलं. तिथे ते मावेना, म्हणून एक टोक खिडकीतून बाहेर राहिलं. रुडीची बायको अँजेला रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला निघे आणि रोज त्यावर कपाळ आपटून घेई. शेवटी तिने सांगितलं की एक तर हे लाकूड घरात राहील, नाहीतर मी.

लाकूड टाकून देता येत नव्हतं. न सोडवलेलं आढं गावात पडून राहणं ही चोरांची नाचक्की होती, आणि पलीकडच्या दोन गावांतले लोक आताच रुडीला बघून शिट्ट्या मारायला लागले होते. निरोपांवर निरोप आले. डुकराची कोंबडी झाली, पिंपाची बाटली झाली, शेवटी निरोप आला की नुसती एक कप कॉफी पाज. मिलेनाने कळवलं, कॉफी संपलीय.

रविवारी चर्चमधली प्रार्थना सुटल्यावर अकॉर्डियन वाजायला लागलं. सात-आठ बाप्ये आढं खांद्यावर घेऊन चढण चढत होते. आढ्याला शेवंती आणि रंगीत कागद गुंडाळले होते. मागून चोरांनी स्वतःच्या पैशाने घेतलेलं भाजकं डुक्कर आणि वाइनचं पिंप हातगाडीवर येत होतं. मिलेना पायरीवर बसून कॉफी पीत होती. तिच्या मागे सगळ्या कैच्या उभ्या होत्या.

"घे बाई तुझं आढं," रुडी धापा टाकत म्हणाला.

"कुठे लावू? जागा कुठे आहे?"

रुडीने वर पाहिलं. माथ्यावर वाशाला वासा टेकला होता आणि मध्ये बोटभरही फट नव्हती. आढं जमिनीला टेकवायची सोय नव्हती, मागे न्यायचीही नव्हती. अकॉर्डियनवाला आपोआप थांबला. खांद्याखांद्यावरून घाम निथळू लागला. मिलेनाने कप हळूहळू रिकामा केला, तळाशी राहिलेला गाळ गवतावर झटकला.

"मिलेना, खांदे मोडतायत गं," रुडी म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखर रडवेला झाला होता.

तिला दया आली. ती म्हणाली, कैच्यांच्या आडव्या फळ्यांवर आतून आडवं टाकून ठेवा. पण ठेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "हे आढं घराला धरून ठेवत नाहीये, घर त्याला धरून ठेवतंय. एवढं ध्यानात राहू दे."

सगळे हो हो म्हणाले. त्या घटकेला ते कशालाही हो म्हणाले असते. आढं वर गेलं, डुक्कर कापलं, पिंप फुटलं. मिलेना ताटल्या आणि पाव आणायला मावशीकडे गेली, तिथे मावशीने दोन शब्द बोलायला बसवलं, आणि परत येते तो काय, आनंदाच्या भरात त्या लोकांनी साखळी धरून एका अंगाची सगळी कौलं चढवून टाकली होती. रिपा तिनेच आदल्या दिवशी ठोकून ठेवल्या होत्या. वर बसून ते गात होते. पाहुणे आहेत, जेवताहेत, म्हणून मिलेनाने राग गिळला आणि ताटल्या मांडल्या.

सोमवारी पावाच्या दुकानात रांगेत उभी असताना तिला पुढून रुडीचा आवाज ऐकू आला. तो परगावच्या कुणाला तरी सांगत होता, "मिलेनाचं ना? छप्पर आम्हीच घातलं तिचं."

मिलेना पाव न घेताच घरी गेली. शिडी लावली आणि त्या अंगाची कौलं एकेक करून खाली उतरवायला लागली. तेरेझिया मावशी कुंपणाशी आली आणि कळवळून म्हणाली, "अगं पोरी, चांगली बसलीयत की ती."

"चांगलीच बसलीयत मावशी. पण मी नाही बसवलेली."

मंगळवारपर्यंत ती सगळी कौलं उतरली आणि शनिवारपर्यंत दोन्ही अंगांची कौलं तिच्या एकटीच्या हाताने चढली. बघायला रोज गाव जमत होतं. हसायला आलेली माणसंही काही वेळाने टोपी मागे सारून नुसती बघत उभी राहत. शेवटचं कौल बसलं तेव्हा तिची बोटं मिटत नव्हती.

रविवारी पाऊस आला. सरळ, जाड, थांबायचं नाव न घेणारा. दुपारी पावसाने काही नुकसान केलंय का बघायची पथकाची फेरी निघाली, आणि रुडी भिजून चिंब झालेला मिलेनाच्या दारात आला. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. तिच्या पुढ्यात जमिनीवर पातेलं होतं आणि त्यात वरून टप् टप् थेंब पडत होते. रुडीने थेंबाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा सणासारखा उजळला.

"गळतंय," तो म्हणाला.

"गळतंय."

"आम्ही घातली होती तेव्हा कौलं..."

"तेव्हा गळलं नसतं. ठाऊक आहे मला."

"मग आता ही चूक कुणाची म्हणायची?"

"माझी," मिलेना म्हणाली. बायका मुलाला नोकरी लागल्याचं ज्या आवाजात सांगतात, तो आवाज होता. "माझ्या एकटीची. कुणाचाही हात नाही तिच्यात."

पाऊस थांबला की मी चढून दोन मिनिटांत कौल सरकवून देतो, असं रुडीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून त्याने ते गिळलं आणि टोपी घालून पावसात निघून गेला. मिलेनाला फार बरं वाटत होतं, इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिने पायाने पातेलं थोडं डावीकडे सरकवलं, थेंब बरोबर मधोमध पडायला लागला, आणि ती खुर्चीत मागे टेकून आपलं घर गळताना ऐकत बसली.