समोरच्या दारी बाळंतीण

पिंप्राळ्यात घरोघरी रंगीत टीव्ही आले, तरी आमचे शेजारी रामदासनाना काळ्यापांढऱ्यावरच अडून बसले होते. "झेब्रा आणि पेंग्विन यांचे खरे रंग फक्त माझ्याच टीव्हीवर दिसतात," म्हणायचे.

नाना माझ्याच कचेरीत कारकून. रविवारी परदेशी प्राण्यांचा कार्यक्रम लागला की अर्धी कॉलनी त्यांच्या घरात. सिंह दिसला, "काय ऐट आहे!" जिराफ दिसला, "काय ऐट आहे!" तेवढ्यात खिडकीत साधी खार आली, तर जिराफाकडे पाठ फिरवून, "अहो, ही बघा, आपल्या घरची!" एकदा नशिराबादजवळ नीळकंठ पाहायला त्यांनी भर हायवेवर स्कूटर थांबवली. मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी, अक्का, वैतागून उतरल्या आणि रिक्षाने घरी आल्या. मागची सीट रिकामी आहे हे नानांना पिंप्राळ्यात पोचल्यावर कळलं.

मग एका शिंजिराच्या मादीने त्यांच्या पुढच्या दारावरच्या वायरला टीचभर घरटं लटकवलं. नानांनी दाराला आतून कडी घातली. दूधवाला, पोस्टमन, सगळे मोरीजवळून मागच्या दाराने.

नेमके त्याच आठवड्यात चोपड्याहून केळीवाले आबा आपल्या मुलासाठी सुमनला, नानांच्या एकुलत्या एक लेकीला, पाहायला आले. अक्कांनी हात जोडले, "आज तरी पुढलं दार उघडा हो!" नानांनी ऐकलं नाही. पाहुणे ओल्या मोरीवरून उड्या मारत आत आले. आबांचं धोतर भिजलं.

"ओ नाना, हाई काय शे?" आबांचा आवाज चढला.

"हळू," नाना कुजबुजले. "समोर बाळंतीण आहे."

"अरे बाप! बठ्ठा हळू बोला रे!" सगळी मंडळी चवड्यांवर चालू लागली. पोहे खाऊन झाल्यावर आबांनी हलकेच विचारलं, "बाळंतीण कोन शे?"

नानांनी त्यांना खिडकीशी नेऊन घरटं दाखवलं. अक्कांनी डोळे मिटून घेतले. आबा बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग वळून म्हणाले, "इतल्याशा पाखराले जपतस. पोरले कसं वाढवं व्हई, समजनं." लग्न ठरलं.

लग्नानंतर नाना दर रविवारी एकटेच एसटीने सातपुड्यात पाखरं पाहायला जाऊ लागले. नवी दुर्बीणही घेतली. एकदा मला बरोबर नेलं. चोपड्याला उतरलो, पण डोंगराकडे न जाता नाना एका केळीच्या बागेच्या बांधावर जाऊन बसले. दुर्बीण समोरच्या घराकडे.

"दिसलं काही?" मी विचारलं.

"आली. थोडी वाळलीय." मग बऱ्याच वेळाने, "पण हसतेय."

मी दुर्बीण घेऊन पाहिलं. अंगणात सुमन कपडे वाळत घालत होती.

"अहो, मग घरात जाऊ ना!"

"छे! दर रविवारी गेलो तर सासरचे काय म्हणतील?" असं म्हणून नानांनी दुर्बीण माझ्या हातून परत घेतली.